मधुमेहरोधी वनस्पतिद्रव्यांचे प्राण्यांवरील परीक्षण

वनस्पतींचे अर्क किंवा त्यांतून वेगळी काढलेली शुद्ध द्रव्ये मधुमेही प्राण्यांना देऊन रक्तशर्करा, इन्सुलिन व ऊतींवरील परिणाम मोजण्याची पद्धती. अशा प्राण्यांना प्राणी-प्रतिमान म्हणतात. रॅट व माऊस या दोहोंना मराठीत उंदीरच म्हणतात. पण त्यांना लागणाऱ्या मात्रा भिन्न असल्याने येथे मूळ नावे ठेवली आहेत.

उगम : स्वादुपिंड काढलेला कुत्रा हे पहिले प्रतिमान मानतात. त्याचे श्रेय योझेफ फोन मेरिंग व ओस्कार मिंकोव्हस्की यांच्या १८८९ मधील स्ट्रासबर्ग येथील प्रयोगाला दिले जाते. योहान ब्रुनर याने सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कुत्र्यांचे स्वादुपिंड काढून तहान व बहुमूत्रता नोंदविली होती. मात्र अवयव बहुधा अंशतःच निघाला होता व या लक्षणांचा मधुमेहाशी संबंध त्याने जोडला नाही. त्यामुळे १८८९ हेच वर्ष ग्राह्य धरणे अधिक योग्य. वनस्पतिद्रव्याचा प्रयोग मात्र त्याच्याही आधीचा आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतील फ्लोरिझिन दिल्यावर कुत्र्यांच्या लघवीत साखर उतरते, असे मेरिंगने १८८६ च्या सुमारास दाखविले. त्या वेळी हे द्रव्य मधुमेह निर्माण करणारे समजले गेले. मूत्रपिंडातील शर्करेचे पुनःशोषण ते रोखते हे पुढे उलगडले आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहावरील औषधे त्याच्याच रचनेवरून घडली.

रासायनिक प्रतिमाने : यांत स्वादुपिंडातील इन्सुलिन बनविणाऱ्या बीटा पेशी मारणारे रसायन देऊन मधुमेह निर्माण करतात. ॲलोक्सान हे यूरिक अम्लापासून मिळणारे संयुग ब्रुन्यातेल्ली याने १८१८ मध्ये बनविले, नाव व्होलर व लीबिग यांनी १८३८ मध्ये दिले. १९३७ मध्ये ॲलोक्सानमुळे सशांची रक्तशर्करा घटल्याचे नोंदले गेले, पण त्यानंतर येणारा कायमचा मधुमेह डन व सहकाऱ्यांना १९४३ मध्ये, मूत्रपिंडाच्या इजेचा अभ्यास करताना आढळला. ॲलोक्सान शरीरात काही मिनिटांतच विघटित होते, मात्रेतील थोडा फरकही घातक ठरतो, आणि गिनीपिग त्याला दाद देत नाही. यामुळे पुढे स्ट्रेप्टोझोटोसिन रूढ झाले. स्ट्रेप्टोमायसिस ॲक्रोमोजेनस या मृदाजीवाणूपासून मिळालेल्या या प्रतिजैविकाचा मधुमेहकारक गुण १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. ते ग्लट-२ या वाहक प्रथिनातून बीटा पेशींत शिरते व डीएनएची हानी करते. आम्लधर्मी सायट्रेट बफरमध्ये (आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात) ऐनवेळी विरघळवून रॅटला साधारणतः किलोमागे ४०–६५ मिग्रॅ. देतात, माऊसला एकाच वेळी द्यावयाची मात्रा बरीच मोठी असते. मानवी बीटा पेशींत ग्लट-२ अल्प असल्याने त्या या विषाला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत.

अर्थ लावताना होणारी चूक येथेच सुरू होते. दोन्ही विषे ऑक्सिडीकारक ताणातून पेशी मारतात, किंवा निदान तो ताण वाढवितात. अर्क विषाच्या आधी किंवा सोबत दिला तर त्यातील फ्लाव्होनॉइडे ही ऑक्सिडीभवनरोधी द्रव्ये पेशींचे रक्षण करतात. हा विषाला उतारा झाला, मधुमेहावरील औषध नव्हे. म्हणून विष दिल्यावर सुमारे ७२ तासांनी उपाशीपोटी रक्तशर्करा तपासून मधुमेह स्थिरावल्याची खात्री करावी व मगच अर्क सुरू करावा. बिबळ्याच्या सालीतील एपिकॅटेचिन ॲलोक्सान दिलेल्या रॅटमध्ये बीटा पेशींचे पुनर्जनन करते, असा दावा १९८० च्या दशकाच्या आरंभी झाला. इतर प्रयोगशाळांना तो पडताळता आला नाही. असे प्राणी काही वेळा आपोआपही सुधारतात हे पाहता पुनर्जनन सिद्ध मानता येत नाही. तुलनेसाठी वापरले जाणारे ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहावरील औषधही शिल्लक बीटा पेशींवरच चालते. सर्व पेशी मेल्या असतील तर ही तुलना निरर्थक ठरते.

इतर प्रतिमाने : दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासाठी मेदयुक्त आहारासोबत स्ट्रेप्टोझोटोसिनची अल्प मात्रा देतात. लठ्ठ होणारे ‘ओबी/ओबी’ व ‘डीबी/डीबी’ माऊस व झुकर रॅट आणि कृश शरीराचा गोटो-काकिझाकी रॅट ही आनुवंशिक प्रतिमाने होत. पहिल्या प्रकारासाठी आपोआप मधुमेह होणारा ‘एनओडी’ माऊस वापरतात.

निष्पत्ती : मेथी, कारले, जांभूळबी, गुडमार यांचे अर्क प्राण्यांत वारंवार गुणकारी आढळले आहेत. त्या मानाने मानवी चाचण्या थोड्या व लहान आहेत. गॅलेगा या वनस्पतीतील ग्वानिडीनवर्गीय द्रव्यांच्या अभ्यासातून मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाकडे वाट निघाली. त्याचा शर्करा घटविण्याचा गुण १९२९ मध्ये सशांत दिसला, तर रुग्णांवरील वापर झां स्टर्न याने १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. सदाफुलीचा अर्क मधुमेहासाठी तपासताना रॅटची रक्तशर्करा हलली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून कर्करोगावरील व्हिन्ब्लास्टिन हाती आले.

मात्रा : शरीरपृष्ठाच्या हिशेबाने रॅटची किलोमागील मात्रा ६.२ ने व माऊसची १२.३ ने भागून मानवी समतुल्य मात्रा काढतात. रॅटला किलोमागे ४०० मिग्रॅ. दिलेला अर्क ६० किग्रॅ. वजनाच्या माणसाला रोज सुमारे ३.९ ग्रॅ. पडतो. अर्काचा विद्रावक, वनस्पतीचा भाग व चिन्हक द्रव्याचे (अर्काची ओळख पटविणाऱ्या घटकाचे) प्रमाण नोंदलेले नसेल, तर हा हिशेबही दुसऱ्या अर्काला लावता येत नाही.