बार्न क्विल्ट लावण्याआधी

बार्न क्विल्ट म्हणजे गोधडीसारख्या नक्षीचा, कोठाराच्या भिंतीवर लावायचा मोठा रंगवलेला चौकोन. कोठार असो, गॅरेज असो की घराची भिंत, बार्न क्विल्ट हवं असेल तर नक्षी निवडण्याआधी रस्त्यावर उभं राहून ती भिंत बघून घ्या. तुमचा चौकोन लोक चालत्या गाडीतून बघणार आहेत. झाडाची फांदी, विजेची तार, उन्हाळ्यात वाढणारा मका, काय काय आड येतं ते तिथूनच कळतं.

ही प्रथा आपल्या ओहायोतलीच. अ‍ॅडम्स काउंटीच्या डॉना सू ग्रोव्ह्ज यांना क्विल्ट शिवणाऱ्या आईचा मान म्हणून कोठारावर एक चौकोन रंगवायचा होता. गावकरी सोबत आले आणि एका कोठाराऐवजी असे चौकोन बघत जायचा, कोठाराकोठारांचा अख्खा मार्ग आखला गेला. २००१ मध्ये पहिला चौकोन लागला, ‘ओहायो स्टार’ या क्विल्टच्या जुन्या तारा-नक्षीचा. आज अमेरिकेत आणि कॅनडात असे कितीतरी मार्ग आहेत.

मोठ्या कोठारावर ८ × ८ फूट शोभतो. गॅरेजला ४ × ४ पुरतो. ओहायो स्टारमध्ये तीन गुणिले तीन घरं असतात, म्हणजे आठ फुटांत एकेक घर ३२ इंचांचं. एवढे मोठे त्रिकोण लांबूनही स्पष्ट वाचता येतात. आमच्या मराठी ग्राहकांना पुष्कळदा आजीची गोधडी इथे आणायची असते, आणि असं काम आलं की आम्हालाही आनंद होतो. मात्र धावदोरा रस्त्यावरून दिसत नाही. म्हणून गोधडीचा फोटो द्या. तिच्या तुकड्यांचे रंग आम्ही मोठ्या आकारांत बसवतो. लाल आणि पिवळा उन्हात लवकर फिके पडतात, तेव्हा भिंत दक्षिणेकडची असेल तर आधीच सांगा.

आम्ही थेट भिंतीवर रंगवत नाही. जुन्या फळ्या फुगतात, आकसतात, आणि रंग त्यांच्याबरोबर सुटतो. पाट्यांसाठी मिळतो तो गुळगुळीत कागद चढवलेला प्लायवूड आम्ही वापरतो. त्याला दोन्ही बाजूंनी प्रायमर, वर बाहेरच्या कामाचा अ‍ॅक्रिलिक रंग. सगळ्यात जास्त वेळ आम्ही कडांना देतो. कापलेल्या कडेतून पाणी शिरतं, थंडीत गोठतं आणि थर सुटे करतं. खराब होणाऱ्या चौकोनाची सुरुवात बहुधा तिथेच होते. वजन नको असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घेता येतो.

आठ फुटी चौकोनाला प्लायवूडचे दोन तक्ते लागतात. चौकटीशिवायच ते साधारण ४५ किलो भरतात, म्हणून शिडीवर चढून स्वतः लावू नका. स्क्रू गंज न धरणारे हवेत आणि ते आतल्या लाकडी खांबांत जायला हवेत, नुसत्या फळीत नव्हे. मागे पट्ट्या ठोकून हवेला जागा ठेवतो. वाऱ्याच्या दिवशी आम्ही काम करत नाही, तारीख पुढे ढकलावी लागली तरी.

मार्गाच्या नकाशात नाव यायला हवं असेल तर स्थानिक समितीशी आधी बोला. आकार, नक्षी आणि रस्त्यावरून दिसण्याबाबत त्यांचे नियम असतात. वसाहतीच्या संघाची परवानगीही लेखी घ्या. नकाशात आल्यावर अनोळखी लोक येतील, फोटो काढतील. गाडी बाजूला घ्यायला सुरक्षित जागा आहे का, तेही पाहून ठेवा.

मागणी देताना रस्त्यावरून काढलेला फोटो आणि भिंतीची लांबी-उंची पाठवा. बाकीचं माप आम्ही येऊन घेऊ.