मोटरसायकल स्टार्ट होताना अडखळणं

मोटरसायकल स्टार्टिंगला अडखळते म्हणजे ढोबळमानाने दोनपैकी एक काहीतरी होत असतं. एकतर बटन दाबलं की इंजिन अर्धा फेरा मारून थबकतं, मीटरचे दिवे मंद होतात आणि मग कसंबसं पुढे सरकतं. किंवा इंजिन अगदी झकास फिरतंय पण पेट घेत नाही, चार-पाच सेल्फ मारल्यावर, थोडी रेस दिल्यावर कुठे सुरू होतं. गॅरेजमध्ये मात्र दोन्ही वेळा आपण एवढंच सांगतो की "स्टार्टिंगला त्रास देते", मग समोरचा सवयीने प्लग बदलतो, कार्बोरेटर साफ करतो, बिल होतं आणि खरा फॉल्ट बॅटरीच्या वायरीत असतो तो तिथेच राहतो. त्यामुळे पाना हातात घ्यायच्या आधी नुसतं ऐकायचं, की इंजिन फिरतच नाहीये का फिरूनही पेटत नाहीये. पहिल्याचं मूळ जवळजवळ नेहमी करंटमध्ये सापडतं, दुसऱ्याचं स्पार्क, पेट्रोल, हवा नाहीतर कॉम्प्रेशनमध्ये. गाडीला किक असेल तर हे मिनिटात कळतं, कारण सेल्फवर रडणारी गाडी एका किकमध्ये सुरू झाली तर कार्बोरेटरला हात लावायचं काही कारणच उरत नाही. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आला त्याच्या आसपास बऱ्याच मॉडेलची किक कंपन्यांनी काढून टाकली, वजन वाचलं असेल पण निदानाचं एक फुकटचं साधन गेलं.

इंजिन फिरतानाच थबकतं तेव्हा

फोर स्ट्रोक सिंगल सिलिंडर इंजिनमध्ये दर दोन फेऱ्यांत एकदा पिस्टन हवा दाबतो, तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. इंजिन बंद करताना पिस्टन साधारण याच दाबाच्या अलीकडे येऊन थांबतो, पुढे ढकलायला जोर उरलेला नसतो. म्हणजे सकाळी बटन दाबलं की स्टार्टर मोटरला वेग घ्यायच्या आधीच सगळ्यात अवघड चढ लागतो, आणि करंट जरा जरी कमी पडला तरी ती तिथेच अडते. एकदा का तो दाब ओलांडला की फिरत्या क्रँकचा जोर मदतीला येतो म्हणून नंतर सगळं नॉर्मल वाटतं. "आधी अडकते मग मस्त फिरते" या तक्रारीचं बहुतेक वेळा एवढंच कारण असतं, इंजिन जाम वगैरे काही नसतं.

आता करंट कुठे कमी पडतो ते बघायला दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो, आणि तो नसताना बॅटरी बदलणं म्हणजे निव्वळ जुगार. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवायला पाहिजे, १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच धरा. पण नुसत्या या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण म्हातारी बॅटरी निवांत असताना १२.६ दाखवते आणि लोड पडला की बसते. म्हणून मीटर लावलेला ठेवून सेल्फ मारायचा, आकडा साधारण १० च्या आसपास टिकला तर बॅटरी बरी, ९.५ च्या खाली घसरला तर आधी पूर्ण चार्ज करून परत तपासा, तरी घसरला तर गेली. मग गाडी चालू करून रेस द्यायची, साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला पाहिजेत, नाही आले तर नवीन बॅटरी पण महिन्याभरात तशीच होणार कारण फॉल्ट चार्जिंगचा आहे, रेग्युलेटर नाहीतर इंजिनवर फिरून वीज बनवणारी मॅग्नेटो कॉइल.

बॅटरी चांगली निघाली आणि तरी मोटर अडते, इथे खरी मजा आहे आणि इथेच बहुतेक लोक हात टेकतात. स्टार्टर मोटर सुरू होताना हेडलाइटच्या कित्येक पट करंट ओढते. समजा ५० अँपिअर जातोय आणि वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या जॉइंटमध्ये फक्त ०.०२ ओहमचा अडथळा आहे, तर १ व्होल्ट तिथेच खपला, मोटरपर्यंत पोचलाच नाही. एवढा बारीक अडथळा मीटर ओहमवर ठेवून दिसत नाही. तो पकडायचा तर मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचा, लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी थेट मोटरच्या टर्मिनलला, आणि सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर प्लसच्या वाटेत कुठेतरी, म्हणजे टर्मिनल, रिले (बटन दाबल्यावर मोटरला करंट जोडणारा स्विच) किंवा केबलमध्ये घोळ आहे. तसंच काळी बॅटरीच्या मायनसला आणि लाल इंजिनच्या उघड्या धातूला, इथे ०.२-०.३ च्या वर नको. अर्थिंगची वायर इंजिनला किंवा चॅसीला जिथे बोल्टने कसलेली असते तिथे रंग, गंज, चिखल काय वाट्टेल ते साठतं, कोकणात आणि समुद्राकाठच्या गाड्यांना तर हा रोगच आहे. बोल्ट खोलून दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासायच्या, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पावडर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवायची, कोरडं करून घट्ट कसायचं आणि वरून पेट्रोलियम जेली लावायची. खोलताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

आवाजही बरंच सांगतो. बटन दाबल्यावर टकटकटकटक असा सलग आवाज म्हणजे रिले ओढतोय पण लोड पडताच व्होल्टेज कोसळून सुटतोय, बॅटरी नाहीतर जॉइंट. एकच टक् आणि शांतता, तर रिलेचे आतले काँटॅक्ट जळलेले किंवा मोटरचे कार्बन ब्रश संपलेले. मोटरला हत्याराच्या लाकडी मुठीने हलकेच दोन ठोके मारल्यावर ती फिरली तर बहुतेक ब्रश संपत आलेत. टक् पण नाही, तर आधी साइड स्टँडचा स्विच, क्लच स्विच आणि लाल किल स्विच बघा, हँडलवरचा तो लाल खटका कुणा पोराने पार्किंगमध्ये खेळताना दाबलेला असतो आणि अख्खी सोसायटी गाडीला धक्का मारत असते. आणि मोटर घूंऽऽ करून मोकळीच फिरते, इंजिन हलत नाही, तर मोटरचा जोर इंजिनला पोचवणारा वन-वे क्लच घसरतोय. मोठ्या सिंगल सिलिंडर गाड्यांत कमजोर बॅटरीवर सेल्फ मारत राहिलं की इंजिन उलटा झटका देतं आणि हाच क्लच मार खातो, म्हणजे बॅटरीचे पैसे वाचवायला गेलं आणि इंजिनचं कव्हर खोलायची वेळ आली. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांच्या वर धरायचाच नाही, मध्ये दहा-पंधरा सेकंद सोडायचे.

हा कॉम्प्रेशनचा चढ जुन्या बुलेटवाल्यांना पायानेच माहीत असतो. १९५५ नंतर मद्रासला बनायला लागलेल्या त्या गाडीला सेल्फ नव्हता, हँडलला डीकॉम्प्रेसरचं, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडून द्यायचं, छोटं लिव्हर होतं आणि हेडलाइटच्या कव्हरवर करंट दाखवणारा अँमीटर. किक हळू दाबत जायचं, पॉइंट (स्पार्कसाठी करंट जोडणारे-तोडणारे काँटॅक्ट) मिटलेले असताना इग्निशन करंट खातं म्हणून काटा मायनसकडे झुकायचा आणि पॉइंट उघडले की मधे यायचा, तिथे लिव्हर ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, लिव्हर सोडायचं आणि मग पूर्ण लाथ. टायमिंग जास्त पुढे असलं तर किक उलटी फिरायची आणि पोटरीवर बसायची. नंतरच्या सेल्फवाल्या बुलेटमध्ये हा डीकॉम्प्रेसर कॅमवरच बसवलेला आहे, आपोआप चालतो. तो अडकला की बॅटरी-वायरी सगळं ठणठणीत असूनही मोटर पहिल्याच दाबाला अडते.

फिरतंय पण पेटत नाही

इथे आधी स्पार्क बघायचा कारण त्याला पैसे लागत नाहीत. प्लग काढून कॅपमध्ये खोचायचा, त्याचा धातू इंजिनला टेकवायचा, प्लगच्या भोकापासून लांब कारण तिथून पेट्रोलची वाफ येते, आणि सेल्फ मारायचा. निळा, चट्चट् आवाज करणारा स्पार्क चांगला, पिवळा-नारिंगी मरतुकडा असेल तर प्लग, कॅप, कॉइल या क्रमाने बदलून बघा. प्लगचं टोक कॉफी रंगाचं असेल तर पेट्रोल-हवेचं मिक्स्चर ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलं आणि पेट्रोलचा वास म्हणजे गाडी ओव्हर झालीये, पांढरं फटक म्हणजे पेट्रोल कमी. टू स्ट्रोकमध्ये, म्हणजे आरएक्स १०० वगैरे, ऑइलने प्लग ओला होणं नेहमीचंच, ते लोक डिकीत जादा प्लग ठेवूनच फिरतात. पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनला दोन प्लग असतात, त्यातला एक मेला तरी गाडी चालते, फक्त स्टार्ट उशिरा होते आणि पिकअप जरा मंद वाटतो, त्यामुळे महिनोन्‌महिने लक्षातच येत नाही. दोन्ही काढून बघा, एकच बघून "प्लग ओके" म्हणू नका. ओव्हर झालेल्या कार्बोरेटरवाल्या गाडीला चोक न ओढता, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून चार-सहा किका, बस्स.

स्पार्क चांगला असेल तर पेट्रोल. कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू ढिला करून थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या. धार नीट आली नाही तर पेट्रोलचा कॉक, टाकीतली जाळी किंवा टाकीच्या झाकणाचं वाऱ्याचं भोक बंद, झाकण उघडल्यावर फुस्स झालं आणि गाडी सुरू झाली तर हेच. बाटलीत तळाला वेगळा थर दिसला तर पाणी. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, नेमकं जिथून इंजिन पेट्रोल घेतं तिथे. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून दोन महिने उभी केलेली गाडी म्हणूनच सगळ्यात जास्त त्रास देते. उभ्या गाडीत पायलट जेट (कार्बोरेटरमधलं, स्टार्टिंगला आणि कमी रेसला पेट्रोल देणारं) पण चिकटतं, त्याचं भोक केसाएवढं. ओळखायची खूण म्हणजे इंजिन गरम झाल्यावरही चोक ओढल्याशिवाय गाडी धरत नाही, आणि हीच खूण कार्बोरेटर आणि हेडमधल्या रबराला भेग पडल्यावर पण दिसते कारण तिथून फुकटची हवा आत जाते, म्हणून जेट साफ करताना ते रबर वाकवून बघायला विसरू नका. जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठं होतं, हवा मारावी.

थंड असताना अडते का गरम झाल्यावर, हा प्रश्न चांगला मेकॅनिक आधी विचारतो. थंड असताना अडणं म्हणजे बॅटरी, चोक, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातला ठरावीक गॅप). गरम झाल्यावर बंद केली आणि लगेच सुरू होत नाही, दहा मिनिटांनी होते, तर इग्निशन कॉइल किंवा पल्सर कॉइल तापून करंट सोडतेय असा संशय घ्यायचा (पल्सर कॉइल म्हणजे स्पार्क कधी टाकायचा ते कळवणारी कॉइल, पॉइंटवाल्या जुन्या गाड्या सोडल्या तर बहुतेक गाड्यांत असते, बजाजच्या गाडीशी संबंध नाही). टॅपेटबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे, की टिकटिक येत नाही म्हणजे इंजिन मख्खन. उलट व्हॉल्व्ह सीटमध्ये झिजत खाली बसतो तसा गॅप कमी होत जातो, आवाज बंद होतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. छोट्या गाड्यांत हा गॅप मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो, इंजिन पूर्ण थंड असताना फिलर गेजनेच लावायचा, कानाने नाही.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत चोक नाही, पायलट जेट नाही, पण चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक गुंजारव ऐकू यायला पाहिजे. तो संपायच्या आतच बटन दाबायची घाई केली तरी काही गाड्या पहिल्या सेल्फला अडतात. पंपाला पुरेसा करंटच नसेल तर धक्का मारूनही फार उपयोग होत नाही. मालफंक्शनचा दिवा इंजिन चालू झाल्यावरही पेटलेला राहिला तर स्कॅनर लावून कोड वाचायचा, अंदाजाने सेन्सर बदलत बसायचं नाही, एकेक सेन्सर अख्ख्या कार्बोरेटरच्या भावात जातो. आणि गाडी गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीत उभी असेल तर सगळ्याच्या आधी सीट काढून वायरिंग आणि एअर फिल्टरचा डबा उघडा, उंदरांनी प्लगची वायर कुरतडलेली किंवा फिल्टरमध्ये चिंध्यांचं घर केलेलं असतं.