घरामागील ग्रिल व प्रोपेन साठवणुकीचे अग्निसुरक्षा नियम (अमेरिका)

घरामागच्या अंगणात, घरालगतच्या लाकडी डेकवर (ओट्यावर) किंवा सदनिकेच्या बाल्कनीत ग्रिल (खाद्यपदार्थ भाजण्याची जाळीची शेगडी) कुठे पेटवावे आणि त्याला लागणाऱ्या प्रोपेन या इंधनवायूचे सिलिंडर कुठे ठेवावे, हे ठरवणारे हे स्थानिक नियम आहेत. त्यासाठी अमेरिकेत देशभर लागू असलेला एकच कायदा नाही. ‘इंटरनॅशनल फायर कोड’ ही नमुना संहिता आणि नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनची द्रवरूप पेट्रोलियम वायूविषयीची ५८ क्रमांकाची संहिता यांच्या आधारे राज्ये व शहरे फेरबदल करून आपापले नियम लागू करतात; त्यामुळे एका गावात चालणारी गोष्ट शेजारच्या गावात बेकायदा ठरू शकते.

नमुना संहितेनुसार कोळशाची शेगडी किंवा उघड्या ज्योतीचे ग्रिल ज्वलनशील बाल्कनीवर, तसेच ज्वलनशील बांधकामापासून १० फुटांच्या (सुमारे ३ मीटर) आत वापरता येत नाही. एक वा दोन कुटुंबांच्या घरांना, आग लागताच आपोआप पाणी फवारणारी तुषारयंत्रणा असलेल्या इमारतींना आणि सुमारे एक पौंड प्रोपेनच्या छोट्या डब्यावर चालणाऱ्या उपकरणांना यातून सूट आहे. सूट असली तरी अंतर पाळणेच शहाणपणाचे, कारण भिंतीवरचे व्हायनिलचे (एक प्रकारच्या प्लास्टिकचे) आवरण ज्योत न लागताही नुसत्या आचेने वितळून लोंबू लागते.

न्यूयॉर्क शहराचे नियम अधिक कडक आहेत. तेथे १० फूट अंतर राखून आणि पाण्याची नळी किंवा अग्निशामक हाताशी ठेवून बाल्कनीत कोळसा पेटवता येतो, प्रोपेनचे ग्रिल मात्र बाल्कनीत वा गच्चीवर चालत नाही. एक-दोन कुटुंबांच्या घराच्या आवारात २० पौंडांची (सुमारे ९ किलो) जास्तीत जास्त दोन सिलिंडरे ठेवता येतात, पण ती घरातून नेता येत नाहीत; बाहेरूनच अंगणात न्यावी लागतात.

सिलिंडर घराबाहेरच साठवण्याचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच सर्रास मोडला जातो. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने गळालेला वायू वर उडून न जाता तळघरात, पायऱ्यांखाली, फरशीलगत साचतो, आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या थोडे वर गेले की पाणी तापवण्याच्या बंबाची ज्योतही स्फोटाला पुरते. म्हणून २० पौंडांचे सिलिंडर घरात, तळघरात किंवा घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये ठेवत नाहीत. ते बाहेर, मोकळ्या हवेत, उभेच ठेवतात. १४.२ किलोचे सिलिंडर ओट्याखाली ठेवण्याची सवय घेऊन गेलेल्या मराठी कुटुंबांनी हा फरक मुद्दाम लक्षात ठेवायला हवा. बर्फ पडू लागल्यावर सिलिंडर आत घेण्याचेही कारण उरत नाही, कारण द्रव प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसपर्यंत वायुरूप होत राहतो.

सिलिंडर द्रवाने सुमारे ८० टक्केच भरतात, कारण तापल्यावर द्रव प्रसरण पावतो. अतिभरण रोखणारी तरंगती झडप नसलेली ग्रिलची जुनी सिलिंडरे २००२ पासून पुन्हा भरून मिळत नाहीत. अशी झडप असलेल्या सिलिंडराच्या चावीची मूठ बहुधा तीन पाकळ्यांची असते. हंगामाच्या सुरुवातीला नळी व जोडांवर साबणाचे पाणी लावून चावी उघडतात. बुडबुडे फुगले, तर चावी बंद करून जोड पुन्हा आवळतात. तरीही गळती थांबली नाही, तर ग्रिल न पेटवता जाणकाराला दाखवतात.