आधी दोन चांगले स्पीकर: घरगुती स्टीरिओमागची पार्श्वभूमी

सांगलीत हरभट रोडवर काय किंवा मिरजेच्या बाजारात काय, स्पीकर घ्यायला आलेला माणूस हमखास दोन गोष्टी विचारतो: किती वॉटचा आहे आणि सोबत किती बॉक्स येतात. बजेट पंधरा-वीस हजारांचं. गाणीही ऐकायची, टीव्हीवर सिनेमेही बघायचे, मग ५.१चा संच, म्हणजे पाच स्पीकर (त्यातला एक मधोमध) आणि खर्जासाठी एक सबवूफर, हेच घेऊन टाकू, असा हिशेब असतो. माझं मत उलटं आहे. एवढ्या पैशात आधी दोन चांगले स्पीकर घ्यावेत, आणि सिनेमासाठीसुद्धा तेच वापरावेत. हे पटण्यासाठी वॉटचा आणि बॉक्सच्या संख्येचा हा सोस आला कुठून, ते बघायला हवं.

कागदी कोन, त्यामागे तारेची गुंडाळी आणि चुंबक, ही स्पीकरची रचना अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. तिचं तत्त्व आजही तेच आहे. त्याच सुमारास ध्वनिमुद्रण विजेवर आलं आणि कर्ण्यापुढे जोर लावून गाण्याची गरज संपली. मिरजेला आपलं मानलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या या काळातल्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, आणि सगळं एकाच चॅनेलवर, म्हणजे आवाजाच्या एकाच धाग्यावर.

दुसरा चॅनेल आला तो सिनेमामुळे. ईएमआय कंपनीतला इंग्रज इंजिनिअर ॲलन ब्लमलाइन १९३१ मध्ये बोलपट बघायला गेला असताना त्याला खटकलं, की नट पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जातो, पण आवाज एकाच जागेवरून येत राहतो, असं सांगतात. सांगलीकरांना हे समजावून सांगायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे नाटक उभं केलं, तेव्हापासून डाव्या विंगेतल्या नटाचा आवाज डावीकडून येतो हे इथल्या प्रेक्षकाच्या कानात बसलेलं आहे. ब्लमलाइनने डिसेंबर १९३१ मध्ये दोन चॅनेलच्या, म्हणजेच स्टीरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तबकडीच्या एकाच खाचेत दोन्ही चॅनेल कोरण्याची रीतही त्यात होती. शेजारी कोल्हापुरात प्रभात कंपनी पहिला मराठी बोलपट पुरा करत होती तो हा काळ. ब्लमलाइन १९४२ मध्ये रडारच्या चाचणीवेळी विमान अपघातात गेला, वय अवघं ३८. स्टीरिओ तबकड्या बाजारात रुळायला १९५८ उजाडलं. आपल्या कामाला आलेलं हे यश त्याला बघायला मिळालं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

दोन स्पीकर सारख्या अंतरावर ठेवून समोर मधोमध बसलं, की गायकाचा आवाज दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेतून येतो. तिथेच टीव्ही असेल तर संवाद पडद्यातून आल्यासारखे वाटतात. मग मधला तिसरा स्पीकर कशाला आला? १९३३ मध्ये बेल लॅबोरेटरीजने फिलाडेल्फियातला वाद्यवृंद तारेवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तेव्हा तीन चॅनेल वापरले होते. मोठ्या सभागृहात कडेला बसलेल्याला जवळचाच स्पीकर ऐकू येतो, त्यामुळे मधला आधार लागतो. थिएटरची ही अडचण खरी आहे. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफ्यावर मधोमध बसलेल्याची ती अडचण नव्हे; कडेला बसलेल्याला आवाज जवळच्या स्पीकरकडे सरकल्यासारखा वाटतो, एवढंच.

आता वॉटचा प्रश्न. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झालं, तेव्हा घरांतले रेडिओ बहुतेक व्हॉल्व्हचे होते. चार-पाच वॉटच्या त्या लाकडी पेटीने अख्खं घर भरायचं, कारण तिचा स्पीकर थोड्या विजेत भरपूर आवाज देणारा होता. त्याच्याही आधी खोल खर्ज हवा तर कपाटाएवढा बॉक्स लागे. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी हे मोडलं. त्यांनी बॉक्स पूर्ण हवाबंद केला आणि कोनाला मागे आणण्याचं काम आतल्या हवेवर सोपवलं. शेल्फवर मावेल एवढ्या बॉक्समधून खर्ज येऊ लागला. पण लहान बॉक्स, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. व्हिलचर यांनी तिसरी सोडली. म्हणजे वॉट जास्त लागणार. ट्रान्झिस्टरने ते स्वस्त केले आणि कंपन्यांमध्ये आकड्यांची चढाओढ लागली. ती इतकी बोकाळली, की अमेरिकेत १९७४ मध्ये सरकारला नियम करावा लागला: अँप्लिफायर सलग किती वॉट देतो तेच छापायचं.

आपल्याकडे १९८० आणि ९०च्या दशकांत टू-इन-वन आणि डेकवर पीएमपीओचे आकडे झळकले ते याच चढाओढीतून. क्षणभराच्या टोकाचा तो आकडा, रोजच्या ऐकण्याशी त्याचा संबंध नाही. त्याच काळात गावोगावचे रेडिओ दुरुस्तीवाले ४४४०चा आयसी (चिप) वापरून अँप्लिफायर बांधून देत आणि सुताराकडून प्लायवूडचे बॉक्स करून घेत. तो आयसी सॅन्योचा, दोन्ही चॅनेलला प्रत्येकी सहाएक वॉट. तेवढ्यावर किती घरांनी वर्षानुवर्षं मनसोक्त गाणी ऐकली! वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) वाढतो, म्हणजे कानाला जरासा फरक. म्हणून ८७ डेसिबलऐवजी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (एका वॉटमध्ये किती मोठा आवाज देतो तो आकडा) स्पीकर घेतला, की निम्म्या वॉटमध्ये तेवढंच काम होतं. बॉक्सच्या मागच्या पट्टीवर किंवा माहितीपत्रकात हा आकडा बहुधा छापलेला असतो आणि तो फारसं कुणी वाचत नाही.

सेन्सिटिव्हिटी जास्त म्हणून मिरवणुकीच्या डॉल्बीतले जुने पंधरा इंची बॉक्स घरी आणणारेही भेटतात. ते मैदानात लांबवर आवाज फेकायला बनवलेले आहेत. बंद खोलीत आठ फुटांवरून त्यांचा ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) कानात टोचतो.

स्वस्त स्पीकर खरोखर सुधारले ते गणितामुळे. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात, कोणत्या ड्रायव्हरला (बॉक्समधल्या कोन-चुंबकाच्या भागाला) किती लिटरचा बॉक्स आणि हवेच्या ये-जा करण्यासाठी केवढं भोक लागतं, हे मोजमापात बसवलं. नंतर कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. नाव आणि किंमत दिसत नसेल, तर बहुतेकांना खर्ज-तीव्र कुठेही फुगवटा नसलेला, सपाट आवाजच आवडतो, असं दिसलं. हे ज्ञान छापील निबंधांतून सगळ्यांच्या हाती आलं. आज माफक किमतीच्या पाच इंची बुकशेल्फ (शेल्फवर मावणाऱ्या) जोडीत ते उतरलेलं आहे.

होम थिएटरचा रस्ता वेगळा. डॉल्बी डिजिटल ही ५.१ ध्वनीची पद्धत १९९२ मध्ये थिएटरांत आली, १९९६ पासून डीव्हीडी आली आणि पाच अधिक एक हा आकडा घरात शिरला. पण स्वस्त संचात तेच पैसे सहा बॉक्स, अँप्लिफायर आणि वायरींत वाटले जातात. वाट्याला येतात तीन इंची प्लास्टिकचे बॉक्स. त्यांना खालचा आवाज झेपत नाही म्हणून सबवूफर १५० हर्ट्झच्या (सेकंदाला इतकी कंपनं; आकडा मोठा तितका स्वर उंच) आसपासपर्यंत ओढलेला असतो. पुरुषाच्या बोलण्याचा पाया साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये. परिणामी नटाचा आवाज अर्धा टीव्हीजवळून, अर्धा कोपऱ्यातल्या सबवूफरमधून.

हे ओळखायला मिरजेचा तंबोरा उत्तम. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारागीर घोडीचा माथा घासत आणि तारेखालचा दोरा केसभर सरकवत जवारी काढतो, तेव्हा तारेच्या मूळ सुरावर अनेक उपस्वर उमलतात. काळी एक पट्टीला लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते, आणि तिचे उपस्वर कित्येक हजार हर्ट्झपर्यंत जातात. त्या तीन इंची संचावर तारेचा खर्ज एका कोपऱ्यात आणि जवारी दुसऱ्या ठिकाणी ऐकू येते. चांगल्या बुकशेल्फ जोडीवर तार एकसंध राहते. दुकानात जाताना तंबोरा स्वच्छ ऐकू येणारं मुद्रण मोबाइलमध्ये घेऊन जावं, आणि खाँसाहेबांची एखादी जुनी तबकडीही. ती एकाच चॅनेलची आहे, त्यामुळे आवाज नेमका दोन स्पीकरच्या मधोमध उभा राहिला पाहिजे. डावी-उजवीकडे सरकला किंवा पसरट झाला, तर मांडणी चुकली आहे किंवा जोडी जुळलेली नाही.

घरी आणल्यावर स्पीकर कोपऱ्यात कोंबू नयेत, खर्ज घुमतो. आपल्या घरांत गुळगुळीत फरशी, वर स्लॅब आणि उघड्या भिंती, त्यामुळे आवाज आदळत राहतो. समोर जाड सतरंजी आणि खिडकीला जड पडदा, एवढ्यानेही संवाद मोकळे होतात. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, आणि दोन स्पीकर व बसायची जागा मिळून समभुज त्रिकोण. टीव्ही डिजिटल वायरने जोडला असेल तर त्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पीसीएम (साधा, न दाबलेला डिजिटल सिग्नल) निवडावं, नाहीतर साध्या स्टीरिओ अँप्लिफायरला डॉल्बीचा सिग्नल उलगडत नाही आणि काहीच ऐकू येत नाही. पुढे पैसे जमले की सबवूफर जोडावा. त्याची हद्द ८० हर्ट्झच्या आसपास ठेवली, की तो नेमका कुठे ठेवला आहे ते कानाला कळत नाही.