रासबेरीला कलम कशाला?

कोल्हापुरात रोपं घेताना अजून कानावर येतं, ‘कलमी रासबेरी न्या, आंब्यासारखी वर्षानुवर्षं त्याच फांदीवर फळेल.’ हे खरं नाही. रासबेरीचं मूळ वर्षानुवर्षं टिकतं, काडी मात्र दोनच वर्षं. बहुतेक जातींत ती पहिल्या वर्षी वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि वाळते. तिच्यावर बांधलेलं कलमही तिच्याबरोबरच जाणार! त्यापेक्षा मुळातून आलेला फुटवा मुळासकट काढून लावा. ब्लॅकबेरीचा तर शेंडा वाकवून मातीत पुरला तरी मुळं धरतो. फळून झालेली काडी जमिनीलगत छाटा.

तोडणीला घाई नको. पिकलेली रासबेरी हलकेच ओढली की पांढरा गाभा काडीवरच राहतो आणि टोपीसारखं पोकळ फळ हातात येतं. सुटत नसेल तर राहू द्या. तोडल्यावर ती गोड होत नाही.