बाखचा ‘कोरस’ : किती गळ्यांचा?

अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याची एकच धार्मिक रचना एका ध्वनिमुद्रणात चाळीस गायकांच्या तोंडी ऐकू येते आणि दुसऱ्यात पाच गायकांच्या. या तफावतीमागे चार दशकांहून अधिक काळ चाललेला वाद आहे.

१८२९ साली बर्लिनमध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ या ख्रिस्ताच्या यातनांवरील रचनेचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा मंचावर दीडशेहून अधिक गायक होते. बाख म्हणजे भव्य समूहगान हा समज तेव्हापासून रुजला आणि ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या अर्धशतकात तो फारसा ढळला नाही. १९५३ मध्ये व्हिएन्नातील एका चेलोवादकाने जुनी वाद्ये आणि तातीच्या तारा वापरणारा वृंद उभारला. त्याच्या आणि ॲमस्टरडॅममधील एका हार्पसिकॉर्डवादकाच्या (हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोपूर्वीचे पट्ट्यांचे वाद्य) नेतृत्वाखाली बाखच्या सुमारे दोनशे कँटाटांचे, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या चर्चमधील रचनांचे, ध्वनिमुद्रण १९७१ पासून क्रमाक्रमाने बाहेर पडू लागले आणि जवळपास वीस वर्षे चालले. सुरुवातीच्या एल.पी. संचांसोबत संपूर्ण स्वरलिपीही मिळत असे, त्यामुळे ती मालिका श्रोत्यांइतकीच अभ्यासकांचीही झाली. वाद्ये बदलली, स्त्रियांच्या जागी मुलगे गाऊ लागले. एकेका स्वरविभागाला (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा उंच-खालच्या आवाजांपैकी एकाला) अनेक गायक ही चाल मात्र तशीच राहिली.

नोव्हेंबर १९८१ मध्ये एका अमेरिकन संगीतकार-अभ्यासकाने, बाखच्या कोरसमध्ये प्रत्येक स्वरविभागाला सामान्यतः एकच गायक असे, असे मांडले आणि पुढच्याच वर्षी ‘बी मायनर मास’ ही बाखची प्रार्थनाविधीची रचना त्याच पद्धतीने ध्वनिमुद्रित करून दाखवले. त्याचा मुख्य आधार होता लेखनिकांनी उतरवलेल्या गायकांच्या प्रती. त्या बहुतेक वेळा प्रत्येक स्वरविभागाला एकच असतात आणि एकाच प्रतीत एकल गीतेही असतात नि समूहभागही. एकच प्रत अनेक जण वापरत असते, तर एकल गीतांच्या वेळी इतर गायकांनी कुठे थांबावे याची खूण लागली असती; ती त्यांत सहसा नसते.

विरोधकांनी बाखचेच पत्र पुढे केले. २३ ऑगस्ट १७३० रोजी लाइप्झिगच्या नगरपरिषदेला लिहिलेल्या निवेदनात तो प्रत्येक गायकवृंदासाठी निदान बारा आणि शक्य तर सोळा गायक मागतो. आकडा निःसंदिग्ध वाटतो. परंतु पुढेच बाख कारण देतो की एखादा आजारी पडला तरी निदान दोन गायकवृंदांचे मोटेट (अनेक स्वरविभागांत गायची धार्मिक रचना) गाता यावे. अशा मोटेटला आठ स्वरविभाग लागतात. बारांपैकी एक-दोघे आजारी धरले, तर प्रत्येक विभागाला तीनतीन गायकांचा हिशेब जुळत नाही, म्हणजे बारा ही हजेरीपटावरची संख्या ठरते, एका रचनेत एकाच वेळी गाणाऱ्यांची नव्हे. एका प्रतीभोवती तिघे उभे राहत असावेत हा प्रतिवाद अशक्य नाही, पण तो सिद्ध करणारा पुरावा तोकडा आहे. त्याउलट ‘सेंट जॉन पॅशन’सारख्या काही कृतींसाठी जादा गायकांच्या वेगळ्या प्रती आढळतात, प्रती वाटून घेण्याची रीत सर्रास असती, तर त्या वेगळ्या कशाला उतरवल्या असत्या, हा प्रश्न उरतोच.

गोंधळात भर घातली ती ‘कोरस’ या शब्दाने. आपल्याकडे तो उच्चारला की मुख्य गायकामागची रांग डोळ्यांसमोर येते. बाखच्या लेखी त्याचा अर्थ सगळे स्वरविभाग मिळून गाणे इतकाच होऊ शकतो.

प्रारंभीच्या टीकेत ‘बाखचे मॅड्रिगल (मोजक्या गायकांचे लौकिक गाणे) केले’ असा सूर होता. पुढे विरोध मावळला नाही, तरी ध्वनिमुद्रणे वाढत गेली. २००३ मध्ये ‘सेंट मॅथ्यू पॅशन’चीही एका स्वरविभागाला एक गायक अशी तबकडी आली. काही संचालक आता एकल गायकांच्या जोडीला मोजक्या जागी दुसरा संच उभा करतात. एका विभागाला एकच गायक या रीतीत एकल गायकाला आपल्या गीतापुरते उठून पुन्हा बसता येत नाही; समूहभागांसह सगळी रचना त्यालाच पेलावी लागते, आणि गायकांची निवड करताना आता मोठ्या आवाजापेक्षा दम आणि इतरांशी मिसळणारा गळा आधी पाहिला जातो.