जोआंव जिल्बेर्तो यांच्या ध्वनिमुद्रिका

ब्राझीलचे गायक व गिटारवादक जोआंव जिल्बेर्तो (10 जून 1931 – 6 जुलै 2019) यांच्या सुरुवातीच्या 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्या, 1959 ते 2000 या काळातील स्टुडिओ अल्बम आणि मैफलींची ध्वनिमुद्रणे यांवर बोसा नोव्हा ही संगीतशैली उभी आहे. चाळीस वर्षांचा हिशेब मांडला, तरी इतर कलावंतांसोबतचे धरून स्टुडिओ अल्बम अकराच्या आसपासच भरतात आणि त्यांतील बहुतेक गाणी जिल्बेर्तो यांनी स्वतः रचलेलीही नाहीत. 1930–40 च्या दशकांतील जुने सांबा (ब्राझीलच्या तालप्रधान नृत्यसंगीतातील गाणी), समकालीन मित्रांच्या रचना आणि क्वचित एखादे परभाषेतील गाणे एवढ्यावर त्यांचा संसार चालला. आवडलेले गाणे वर्षानुवर्षे गात राहायचे आणि दर खेपेस त्यातले काहीतरी वगळायचे, ही त्यांची रीत होती. त्यामुळे हे अल्बम क्रमाने ऐकले, तर एकेक वाद्य बाजूला होत जाऊन अखेर आवाज आणि गिटार एवढेच उरलेले दिसते. मात्र ही वाट सरळ नाही, मध्ये मोठे वाद्यवृंदही येऊन जातात.

बाहिया राज्यातील साओ फ्रान्सिस्को नदीकाठच्या जुआझेरो गावी जन्मलेले जिल्बेर्तो 1950 मध्ये रिओ दी जानेरोला आले आणि ‘गारोतोस दा लुआ’ या गायकवृंदात दाखल झाले. वेळ न पाळण्याच्या सवयीमुळे त्यांना तेथून काढून टाकण्यात आले. 1952 मध्ये त्यांची पहिली एकल तबकडी निघाली. तीत त्या काळचे लोकप्रिय गायक ओर्लांदो सिल्व्हा यांच्या धाटणीचा भरदार, कंपयुक्त आवाज ऐकू येतो. पुढचे जिल्बेर्तो तीत ओळखूही येत नाहीत. त्यानंतरची काही वर्षे हलाखीची गेली. मिनास जेराइस राज्यातील दियामांतिना येथे बहिणीकडे राहत असताना न्हाणीघरात दार लावून ते तासन्‌तास सराव करीत, कारण तेथील भिंतींवरून परतणाऱ्या नादामुळे हळू गायलेला स्वरही स्पष्ट ऐकू येई.

या सरावातून जे वादनतंत्र तयार झाले, तेच त्यांच्या सर्व ध्वनिमुद्रिकांचा कणा आहे. उजव्या हाताचा अंगठा खालच्या स्वरांच्या तारांवर सुर्दो या मोठ्या ढोलाचा संथ ठोका धरून ठेवतो, तर उरलेली बोटे तारा एकदम छेडून तांबोरिम या लहान चर्मवाद्याचे तिरपे, ठोक्यामधल्या जागी पडणारे आघात काढतात. म्हणजे सांबाच्या अख्ख्या ताफ्याचा सारांश एका हातात येतो. आवाज कंपरहित आणि बोलण्याच्या पातळीवरचा असतो. गायनाची ओळ कधी गिटारच्या पुढे धावते, कधी इतकी मागे रेंगाळते की आता चुकामूक होणार असे वाटावे, आणि मग आपल्याकडच्या श्रोत्याला समेची आठवण व्हावी अशा नेमक्या जागी दोन्ही एकत्र येतात.

हे वादन प्रथम ऐकू आले ते गायिका एलिझेत कार्दोझो यांच्या 1958 च्या एका अल्बममध्ये, आणि तेही फक्त दोन गाण्यांत साथ म्हणून. त्यांपैकी ‘शेगा दे साउदादे’ हे आंतोनियो कार्लोस जोबीम व व्हिनिसियुस दी मोराइस यांचे गाणे जिल्बेर्तो यांनी 10 जुलै 1958 रोजी ओदेऑन कंपनीसाठी स्वतःच्या आवाजात मुद्रित केले. आवाजासाठी एक आणि गिटारसाठी दुसरा असे दोन मायक्रोफोन त्यांनी मागितले, जे त्या स्टुडिओच्या रिवाजात बसणारे नव्हते. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला त्यांची स्वतःची ‘बिम बोम’ ही रचना होती. डोक्यावर कपड्यांची बोचकी घेऊन नदीकाठाने चालणाऱ्या जुआझेरोच्या धोबिणींच्या डुलत्या चालीवरून ती सुचल्याचे सांगितले जाते. दोन मिनिटांच्या आसपासच्या या तबकडीने ब्राझीलमधील तरुण पिढीचे कान बदलले. काएतानो व्हेलोझो, जिल्बेर्तो जिल आणि शिको बुआर्के यांसारख्या पुढच्या काळातील थोरांनी आपल्या संगीताचा आरंभ तिच्यापासून मानला आहे.

मार्च 1959 मध्ये ‘शेगा दे साउदादे’ याच नावाने पहिला अल्बम निघाला. त्यात बारा गाणी असून सगळा मामला जेमतेम तेवीस मिनिटांत आटोपतो. संयोजन जोबीम यांचे असून बासरी, तंतुवाद्ये व ट्रोम्बोन मोजक्या जागी येऊन निघून जातात. ‘देझाफिनादो’, म्हणजे ‘बेसूर’, हे जोबीम व न्यूटन मेंदोंसा यांचे गाणे यातलेच. सुरात गाता न येणाऱ्याची ही कैफियत चालीच्या अंगाने इतकी अवघड आहे की ती सुरात गाणे हीच गायकाची परीक्षा ठरते. 1960 च्या दुसऱ्या अल्बममध्ये ‘एकाच स्वराचा सांबा’, ‘कोर्कोव्हादो’ व बदकाचे गमतीदार गाणे ‘ओ पातो’ आहेत. 1961 च्या तिसऱ्या अल्बममध्ये काही गाण्यांना वॉल्टर वाँदर्ली यांच्या ऑर्गनची साथ आहे आणि दोरिव्हाल काइम्मी यांच्या बाहियाविषयक गाण्यांना नवे रूप मिळाले आहे. हे तिन्ही अल्बम मिळून एकच सलग काम मानणे योग्य ठरते.

नोव्हेंबर 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बोसा नोव्हाची मैफल झाली आणि पाठोपाठ मार्च 1963 मध्ये त्याच शहरात सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांच्यासोबत ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ मुद्रित झाला. निर्माते क्रीड टेलर, पियानोवर जोबीम, ड्रमवर मिल्टन बनाना अशी मंडळी होती. 1964 मध्ये व्हर्व्ह कंपनीने प्रसिद्ध केलेल्या या अल्बमला 1965 मध्ये वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ‘गारोता दे इपानेमा’ या गाण्याचा पहिला भाग जोआंव पोर्तुगीजमध्ये आणि दुसरा त्यांच्या तत्कालीन पत्नी आस्त्रुद इंग्रजीत गातात. परंतु जगभर गाजलेल्या लहान तबकडीसाठी गाण्याची कापाकापी झाली, तेव्हा जोआंव यांचाच आवाज गळला. ज्या गाण्यामुळे त्यांचे नाव ब्राझीलबाहेर पोचले, ते बहुसंख्यांनी त्यांच्या आवाजाविना ऐकले. गेट्झ यांचा सॅक्सोफोन या अल्बमवर गरजेपेक्षा मोठा वाटतो, ही तक्रारही जुनी आहे आणि ती अगदीच अनाठायी नाही.

1970 मध्ये मेक्सिकोतील वास्तव्यात एक अल्बम निघाला. त्यानंतरचा 1973 चा ‘जोआंव जिल्बेर्तो’, ज्याला पांढऱ्या वेष्टनामुळे ‘पांढरा अल्बम’ म्हणतात, हा त्यांच्या साऱ्या कामाचा गाभा आहे. ध्वनिमुद्रण इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी ख्यातनाम असलेल्या वेंडी कार्लोस यांनी केले. आवाज, गिटार आणि सनी कार यांचे अगदी हलके तालवाद्य एवढाच सरंजाम आहे. शेवटच्या ‘इझौरा’ या गाण्यात तेव्हाच्या पत्नी मिऊशा यांचा आवाज मिसळतो. जोबीम यांच्या ‘आग्वास दे मार्सो’ने सुरुवात होते. ‘उंदिऊ’ या सहा मिनिटांहून मोठ्या रचनेत शब्द एकच आहे आणि तो पुन्हा पुन्हा फिरवीत गाणे जणू जपासारखे पुढे सरकते. मुलगी बेबेल हिच्यासाठीच्या वॉल्ट्झचे उपशीर्षक ‘योगी किती सुंदर असतात’ असे आहे. मायक्रोफोन इतका जवळ आहे की ओठांची उघडझाप आणि श्वास घेण्याची जागाही ऐकू येते.

1976 मध्ये गेट्झ यांच्याशी पुन्हा एकदा सहकार्य झाले. 1977 चा ‘आमोरोझो’ क्लाऊस ओगरमन यांच्या तंतुवाद्यवृंदामुळे वेगळा पडतो. काहींना तो गोडमिट्ट वाटतो, पण ‘एस्ताते’ या इटालियन गाण्यातील संथपणा पाहता हा आक्षेप टिकत नाही. 1981 च्या ‘ब्राझिल’मध्ये काएतानो व्हेलोझो, जिल्बेर्तो जिल आणि मारिया बेथानिया हे बाहियाचेच तिघे सहभागी आहेत. 1991 च्या ‘जोआंव’चे संयोजन क्लेअर फिशर यांचे होते. त्यानंतरचा 2000 मधील ‘जोआंव, वोझ ए व्हिओलाँव’ हा शेवटचा स्टुडिओ अल्बम. व्हेलोझो यांनी निर्मिती केलेल्या या अर्ध्या तासाच्या अल्बममध्ये नावाप्रमाणे फक्त आवाज व गिटार आहे आणि ‘शेगा दे साउदादे’ व ‘देझाफिनादो’ ही चार दशकांपूर्वीची गाणी पुन्हा घेतली आहेत. वेष्टनावर ओठांवर बोट ठेवलेली तरुणी आहे. त्याला 2001 मध्ये जागतिक संगीत विभागातील ग्रॅमी मिळाले.

मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत माँत्रो (1985) आणि टोकियो (2003) येथील महत्त्वाची आहेत. साओ पावलोतील 1998 च्या मैफलीचे 36 गाण्यांचे ध्वनिमुद्रण ‘रेलिकारिओ’ या नावाने 2023 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.

पहिल्या तीन अल्बमच्या वाट्याला मात्र विचित्र दैव आले. ओदेऑनची उत्तराधिकारी ईएमआय कंपनीने ते एकत्र करून संकलन काढले, तेव्हा गाण्यांचा क्रम बदलला आणि ध्वनीवरही फेरप्रक्रिया केली. आपल्या कामाचा विपर्यास झाल्याचे सांगून जिल्बेर्तो न्यायालयात गेले आणि 2011 मध्ये ब्राझीलच्या उच्चाधिकार न्यायालयाने कलावंताचा नैतिक हक्क, म्हणजे आपल्या कामात विपर्यास होऊ न देण्याचा हक्क, मान्य केला. तोवर ब्राझीलमध्ये हे अल्बम बाजारातून नाहीसे झाले होते. युरोपात ध्वनिमुद्रणांवरील 50 वर्षांच्या हक्काची मुदत संपल्यावर तेथील लहान कंपन्यांनी ते पुन्हा काढले, आणि ज्या संगीताने ब्राझीलची ओळख जगाला करून दिली, ते विकत घ्यायचे तर ब्राझीलच्या रसिकाला आयात केलेली सीडी शोधावी लागे.